गव्हाच्या दाण्याचा ठसा

९ जून

चि. झिपरीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट फोडताच तू म्हणशील, नानांचं पत्र आणि अक्षर आत्याचं कसं? तर अक्षर आत्याचं, मजकूर माझा. मोठी माणसं पत्र सांगतात, लिहायला दुसरं कुणीतरी असतं. (मी लिहितेय ती तुझ्यासाठी, ह्याच्या मोठेपणासाठी नव्हे. – आत्या) ती मध्येच असे कंस घालते. तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझ्या मालकीणबाईंनी सांगितलेला माल तयार आहे. मूनस्टोनच्या आणि गार्नेटच्या अंगठ्या, पिरोज्याची कानातली, सगळं चांदीत. निळ्या बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून ठेवलंय, आत्या आजच कुरिअरला टाकेल. प्रत्येक दागिन्याच्या आतल्या अंगाला माझा गव्हाचा दाणा आहे. बाईंना सांग, हा ठसा मी दागिना संपला म्हणून मारत नाही, पसंत पडला तरच मारतो. जे मनाजोगतं उतरत नाही ते मोडीत जातं आणि मोडीतून मुशीत. माझं वाईट काम आजवर कुणी पाहिलेलं नाही, कारण ते मी वितळवून टाकतो. हा माझ्या कीर्तीचा सोपा उपाय, कुणाला सांगू नकोस.

तू लिहिलंस की हल्ली लोकांना काळवंडलेली चांदी हवी असते, खडाही न घासलेला, मातीतून उचलल्यासारखा. वाचून करमणूक झाली. आमच्याकडे चांदी काळी पडली की लोक उजळायला आणायचे, तुमच्याकडे काळी करून घ्यायला येतात. चालू दे. आपण दोन्ही करू.

दुकानात पसंती कशी पडली ते सविस्तर लिही. कौतुक असेल तर जास्तच सविस्तर लिही. लोभ आहे, तो कामाच्या गडबडीत विसरू नये.

तुझे
नाना


१६ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी नेऊ नकोस, आणि नेलंस तर नानांच्या हाती लागू देऊ नकोस.

डबा मिळाला. दुकानात सगळ्यांसमोर उघडला. अंगठ्यांची कडी कुठे जाड, कुठे पातळ. एका मूनस्टोनचं कोंदण इतकं तिरकं की खडा झोपेतून उठल्यासारखा बसलेला. आणि एकावरही दाणा नाही. आत्या, मी काय केलं सांगू? डबा पायाने टेबलाखाली सरकवला. माझ्याच वडिलांचं काम, आणि कुणी बघू नये म्हणून मी त्याला पायाने ढकललं.

पण मालकीणबाईंची नजर घारीची. त्यांनी डबा वर घेतला, ती तिरकी अंगठी बोटात घातली आणि हरखूनच गेल्या. म्हणाल्या, हेच हवं होतं, मशीनच्या सारख्यासारख्या वस्तूंना लोक विटलेत, हा वाकडेपणा शिकवून येत नाही, ह्यात माणूस दिसतो. हल्लीची चाल खरंच तशी आहे, मीच गिऱ्हाइकांना रोज हेच सांगते. मग त्यांनी विचारलं, तो प्रसिद्ध दाणा कुठाय? शोकेसमधल्या कार्डावर तसं छापून घेतलं होतं. मी म्हटलं, मारायचा राहिला असेल, मी बघते.

आणि मी बघितलं. पहिल्या नोकरीच्या वेळी नानांनी दिलेली कानातली मी नेहमी घालते, ती काढून इथल्या ठसे कोरणाऱ्याला दिली. त्याने तसाच ठसा करून दिला आणि मी मागच्या खोलीत बसून एकेक दागिन्यावर तो मारला. शोकेस भरली, कार्डही लागलं, आणि तेव्हापासून आरशात बघताना मी कानाकडे बघत नाही.

मला एवढंच कळव, हा डबा तो नव्हेच ना? डब्यांची अदलाबदल झाली ना? तसं असेल तर नानांना कसं सांगायचं, तेही कळव. उत्तर लवकर पाठव, माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी
झिपरी


२१ जून

चि. झिपरीस,
आत्याचे आशीर्वाद.

पत्र वर्गातल्या मुलींच्या घोळक्यात वाचलं आणि मशीनवर कपडा उलटा शिवून ठेवला. हो बाई, घोटाळा माझाच. दोन्ही डबे निळे, दोन्ही बिस्किटांचे. कपाटातून जो हाताला लागला तो मी कुरिअरवाल्याला दिला. तुझ्याकडे आली ती मोड. चांगला डबा इथेच होता. तो मी उघडून पाहिला आणि खाली बसले. त्यात इतकं थोडं होतं, झिपरे. त्याने इतके दिवस खपून पसंत केलेलं सगळं माझ्या एका मुठीत मावलं. मोडीचा डबा मात्र गच्च भरलेला होता, तोच तुझ्याकडे आला.

आता तुला सांगते, त्याने सांगू नको म्हटलंय तरी. त्याचे हात थरथरतात. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरतो आणि मी बघत नाही असं दाखवते. पत्र मी लिहिते ते त्यामुळेच. पेन धरलं की अक्षर पळतं, आणि तुझ्या डोळ्यांना ते दिसायला नको असतं. ऐरणीपाशी बसतो, मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून श्वास रोखून खडा बसवतो, आणि नेमका शेवटच्या क्षणी हात उडतो. मग तो ती वस्तू मोडीच्या डब्यात टाकतो.

चांगला डबा मी चादरींच्या मागे लपवला आहे. त्याला वाटतंय पाठवला, आणि मोड वितळवायला दिली असं मी त्याला सांगितलंय. तू केलंस ते वाईट केलंस. खोटा ठसा म्हणजे त्याच्या तोंडी खोटं बोलणं घालण्यासारखं आहे. पण मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? तू त्याला दोन चांगल्या ओळी लिही. माणूस उभा राहील. पुढचं पुढे बघू. असं म्हणताना मला बरं वाटत नाहीये, तेही लिहून ठेवते.

तब्येतीला जप.
तुझी
आत्या


२ जुलै

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

डबा पोचला आणि दुकानात नुसती झुंबड उडाली. मालकीणबाईंनी पहिली अंगठी स्वतःच्याच बोटात घातली, गिऱ्हाईक अडून बसलं तेव्हा कुठे उतरवली. बाकीचंही भराभर जातंय. एका गिऱ्हाईक बाईने दाणा भिंगातून पाहिला आणि म्हणाली, हा माणूस भेटायला हवा. मी म्हटलं, भेटू नका, स्वतःचीच स्तुती ऐकवेल.

हल्लीच्या चालीत तुमचं काम इतकं चपखल बसतं, तुम्हालाही नवल वाटेल. लोक म्हणतात, हात दिसतो. अक्षर आत्याचं असलं तरी चालेल, पत्र मात्र येऊ द्या.

तुमची कृपा आहे, ती राहू द्यावी.
आपली
झिपरी


११ जुलै

चि. झिपरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्याने मला तीनदा वाचून दाखवलं. (पाचदा. – आत्या) हात दिसतो म्हणाले ना? दिसणारच. मध्ये मला जरा वाटू लागलं होतं की आता बस्स झालं, दुकान आवरावं. तुला लिहिलं नव्हतं. आता ते मनातून काढून टाकलंय. सकाळी उठून ऐरण पुसतो. परवा गार्नेट एका दमात बसलं, एकदाही उडालं नाही. मी आत्याला हाक मारून बोलावलं, ती म्हणाली छान आहे आणि डोळे पुसत आत गेली. बायकांना गार्नेट बघून रडू कसं येतं कळत नाही.

नवा डबा पाठवतोय. ह्यातली एकेक अंगठी पट्टी लावून बघ, केसभर फरक मिळाला तर माझं नाव बदल. थोडा वेळ लागला, पण ह्या वयात कोण धावतंय?

पसंती कळवावी. म्हातारा आता लाडावलाय, त्याची सवय मोडू नये.
तुझे
नाना


२४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नवा डबा आला. दागिने देखणे आहेत, सरळ, शांत. ते हातात घेऊन मी मागच्या खोलीत बराच वेळ बसून राहिले. एवढ्यासाठी त्यांनी काय केलं असेल, ते आता मला ठाऊक आहे ना.

आणि ते शोकेसमध्ये तसेच पडून आहेत. मालकीणबाई म्हणाल्या, म्हाताऱ्याचा हात थंड पडला वाटतं, हे तर मशीनचंही असू शकेल, पहिल्यासारखं करायला सांग. मी मान हलवली. नानांच्या आयुष्यातलं बहुधा सगळ्यात कष्टाचं काम, आणि त्याला मशीनचं म्हणताना मी मान हलवली.

आता मी जे मागणार आहे ते वाचून तू मला वाट्टेल ते बोल. मोडीचा डबा पुन्हा भरत असेल. मुशीत जायच्या आधी त्यातलं थोडं काढून मला पाठवशील? पहिल्या डब्यातलं संपत आलंय, लोक विचारायला येतात, मालकीणबाई रोज माझ्याकडे बघतात. नानांना कळणार नाही. लिहिताना माझीच मला किळस येतेय, तरी लिहिते आहे.

तुझी
झिपरी


२९ जुलै

चि. झिपरीस,
आशीर्वाद.

नाही. तो मोडीत टाकतो म्हणजे ते जगापासून लपवतो. मी एकदा चुकून त्याची झाकली मूठ उघडली, आता जाणूनबुजून उघडणार नाही. तूही पुन्हा मागू नकोस. तो बाहेर शीळ घालत काम करतोय, मला ती शीळ ऐकवत नाही.

तुझी
आत्या


१० ऑगस्ट

चि. झिपरीस,

दातांच्या डॉक्टरीणबाई काल आल्या होत्या, त्या आपल्या चौकातल्या. तुमच्या शहरात गेल्या होत्या, तुमच्याच दुकानातून अंगठी घेतली. कौतुकाने हात पुढे केला आणि म्हणाल्या, बघा, तुमच्याकडची वस्तू किती लांबून आणली.

मूनस्टोन होता. कोंदण तिरकं. ती अंगठी करताना हात कुठे उडाला तेसुद्धा मला आठवलं. ती मी मोडीत टाकली होती. मी म्हटलं, जरा काढून द्या. आत दाणा होता. माझ्या ठशाच्या दाण्याची मधली रेघ एका टोकाला तुटलेली आहे, पूर्वी कधी ठसा हातातून पडला होता. ह्या दाण्याची रेघ अखंड. तुझ्या कानातल्यावरचा दाणा जुना, ठसा पडायच्या आधीचा. तेव्हा कशावरून केलंस तेही समजलं. काम सुबक आहे. माझ्यापेक्षा सुबक.

त्या बाई दिवसभर दुसऱ्यांचे दात सरळ करतात, आणि मला म्हणाल्या, ह्यातला वाकडेपणाच मला आवडला, तुम्ही मुद्दाम केलाय ना? झिपरे, मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग हा दाणा कुणी मारला? आयुष्यभर जे वाईट उतरलं त्याला मी आपलं म्हटलं नव्हतं. काल म्हटलं, तुझ्यासाठी.

हे लिहिणारीची मान खाली आहे, त्यावरून तिलाही ठाऊक होतं हे कळलं. मी तिला विचारलेलं नाही. ती खाली वाकून लिहितेय म्हणून बरं, नाहीतर दोघांनाही एकमेकांकडे बघावं लागलं असतं.

हात दिसतो, असं लिहिलं होतंस. मी खूश झालो होतो. लोकांना माझा हात दिसत होता खरा, पण माझ्या पाठीमागे. त्या पत्राची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, तुझी नाही, माझी. मी ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं होतं.

पुढे लिहायला काही नाही.
नाना

(त्याने पुढचं सांगितलेलं नाही, हे माझं. ऐरणीवर जुनी चादर टाकली आहे. हत्यारं तेल लावून गुंडाळून ठेवली. ठसा खिडकीतून फेकायला निघाला होता, पण हात थरथरला म्हणून खिडकीच्या चौकटीला लागून आतच पडला. मी उचलून ठेवलाय. – आत्या)


२० ऑगस्ट

ती. नानांस,
साष्टांग नमस्कार.

वि. वि. लिहायचा हक्क मला उरलेला नाही, म्हणून गाळलं.

तुमचं पत्र दुकानात वाचलं. मालकीणबाईंना तिथल्या तिथे सांगितलं की दाणा मी मारला होता, तुम्ही नव्हे, आणि तो माल तुम्ही नापसंत केलेला होता. त्या म्हणाल्या, मग काय बिघडलं, कुणाला कळतंय? मला कळतं, एवढंच म्हणू शकले. मोडीतल्या राहिलेल्या दागिन्यांवरचा दाणा मी कानशीने घासून काढला आणि कार्ड उतरवलं. ज्यांचे पत्ते आहेत त्या गिऱ्हाइकांना कळवते आहे, माल परत घेऊ म्हणून. त्यापायी मालकीणबाईंनी मला शोकेससमोरून उठवून मागे दुरुस्तीच्या टेबलावर बसवलंय. तिथे बसून तुटलेल्या साखळ्या जोडते. पूर्वी ह्या जागेकडे नाक मुरडायची.

खोटा ठसा सोबत पाठवला आहे. तोंड घासून सपाट केलंय. तुम्हीच वितळवावा असं वाटलं.

नाना, आत्याला बोलू नका. तिने मला थांबवलं होतं. आणि खरी गोष्ट अजून सांगितलेलीच नाही. डबा उघडला तेव्हा मला तुमच्या कामाची लाज वाटली, म्हणून मी तो पायाने टेबलाखाली ढकलला. मग लोकांना आवडलं तेव्हा तेच काम मिरवलं. लाजताना तुम्हाला विचारलं नाही आणि मिरवतानाही नाही. हाताला काय झालंय, हेसुद्धा विचारलं नाही. आत्याकडून कळल्यावर पहिल्याच गाडीने यायला हवं होतं. मी स्तुतीचं पत्र लिहिलं. ते स्वस्तात पडत होतं.

कानातली उतरवून ठेवली आहेत. तुम्ही म्हणाल तेव्हाच घालीन, नाही म्हटलंत तर नाही.

माफ करा असं लिहायला हात धजत नाही. तुमचं पत्र आलं नाही तरी मी लिहीत राहीन.
आपली
झिपरी


१ सप्टेंबर

चि. झिपरीस,
आशीर्वाद.

हे अक्षर माझं आहे. आत्याला शिवणवर्गाला पाठवून दिलंय. ओळी उतारावर चालल्यात, तू कागद तिरका धरून वाच. एवढं लिहायला सकाळ गेली आणि शाईची दौत एकदा लवंडली.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलो. दात दुखणाऱ्यांच्या रांगेत बसलो आणि नंबर आल्यावर सांगितलं की वाकडेपणा मुद्दाम नव्हता, हात थरथरतो, आणि दाणा माझा नाही. त्यांनी अंगठी बोटात फिरवून पाहिली. मग अंगठी काढून दिली, पण परत हवी म्हणाल्या, आहे तशी. तुझा दाणा मी घासून काढला. माझा मारला नाही. हात कापतो म्हणून वाकडं झालेलं ते वाकडंच, त्याला चाल म्हणा की काही म्हणा, मी पसंत करणार नाही. बिनदाण्याची दिली. त्यांनी घातली. त्यांच्या बोटाची त्या जाणोत.

तुझा सपाट ठसा मुशीत घालून पाहिला, पोलाद ते, चांदीच्या आचेला काय वितळतंय? मूस तेवढी तडकली. आता कागदावर दाब म्हणून ठेवलाय, ह्याच कागदावर.

मी रागावलेला आहे. तो राग एवढ्यात जाईल असं दिसत नाही. पण लपवण्यात तू एकटी नव्हतीस. आधी मी हात लपवला, मग आत्याने डबा लपवला, मग तू. घरातच चालत आलेलं आहे. कानातली घाल. ती मी पसंत केलेली आहेत.

ऐरणीवरची चादर काढली आहे. सुट्टी मिळेल तेव्हा ये. कडं मी ठोकीन, तेवढं जमतं. कोंदण तू बसव, मी शेजारी बसून नावं ठेवीन. मनाजोगतं उतरलं तर दाणा मारू, नाहीतर मूस आहेच, नवी आणलीय.

पत्र पुन्हा लिहून काढावं असं दोनदा मनात आलं. मग वाटलं, अंगठी वाकडी व्हायला नको होती तरी झाली. हे वाकडं होणार, ते माहीत असून लिहायला बसलो. सहीच्या जागी आत्याने उचलून ठेवलेला माझा ठसा मारलाय. हात उडाल्यामुळे दाणा जरा कोपऱ्यात गेला आणि कागद फाटला.

तरी पसंत आहे.